पाळीव प्राण्यांचे उपचार महाग का झाले? : 'गुरांच्या दवाखान्या'पासून कुत्र्या-मांजरांच्या रुग्णालयापर्यंतचे आर्थिक विवेचन

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही घरात कुत्रे किंवा मांजर पाळणाऱ्या कुटुंबांची संख्या नजरेत भरण्याइतकी वाढली आहे. भुदरगड तालुका त्यास अपवाद नाही. दारात राखणीला असलेल्या कुत्र्याची जागा घरात वावरणाऱ्या, नाव ठेवलेल्या आणि विकत आणलेल्या कुत्र्याने घेतली आहे. त्यासोबत एक तक्रारही सर्वत्र ऐकू येते. ती म्हणजे या प्राण्यांचे औषधपाणी परवडेनासे झाले आहे. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण अशा वेळी हमखास वापरली जाते आणि चर्चा बहुधा डॉक्टरांच्या नफेखोरीवर येऊन थांबते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय दृष्टीने विचार केला आहे. लेख प्रकाशित माहितीवर आणि कायदेविषयक तरतुदींवर आधारित असून त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : पशुवैद्यकीय उपचार हे पूर्वीही स्वस्त नव्हते, त्यांचा खर्च दुसरे कोणी तरी सोसत होते. पाळीव प्राण्याच्या बाबतीत तो सोसणारा नाहीसा झाला आहे आणि त्याच काळात उपचारांचे स्वरूपही आमूलाग्र बदलले आहे. या दोन घटना एकाच वेळी घडल्यामुळे महागाई तीव्रतेने जाणवते.

१. 'गुरांचा दवाखाना' : खर्चाचा भार कोणावर होता?

आपल्याकडे शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास आजही लोक 'गुरांचा दवाखाना' म्हणतात. या नावातच भारतीय पशुवैद्यकाचा इतिहास सामावलेला आहे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय दानातून उभे राहिले आणि त्याच परिसरात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुण्यात जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. ती पुढे मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था विकसित झाली. या संस्थांपुढे प्रश्न होता तो शेती ओढणाऱ्या बैलाचा, लष्कराच्या व गाडीच्या घोड्याचा आणि बुळकांडीसारख्या साथीचा. त्या साथीचे जगातून निर्मूलन झाल्याची घोषणा २०११ साली झाली.

स्वातंत्र्यानंतर हीच दिशा कायम राहिली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पशुधनाचे संरक्षण व सुधारणा, रोगप्रतिबंध आणि पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा विषय राज्यसूचीत आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली मनुष्यबळाचा विचार केला तो 'दर पाच हजार पशुधन घटकांमागे एक पशुवैद्यक' या परिमाणात. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', स्थापन झाला. संघाने सभासदांसाठी पशुवैद्यकीय सेवा, कृत्रिम रेतन व पशुखाद्य यांची व्यवस्था उभी केली. म्हणजे म्हशीच्या उपचाराचा काही भाग शासनाच्या तिजोरीतून, काही भाग दुधाच्या व्यवहारातून आणि उरलेलाच शेतकऱ्याच्या खिशातून जात असे. आजही ही व्यवस्था टिकून आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत रोगाची लस शेतकऱ्यास मोफत मिळते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने गोवंशाचे मोफत लसीकरण केले. मृत गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार व वासरासाठी १६ हजार रुपये अर्थसाहाय्यही दिले.

हे धोरण योग्यच आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन होते आणि त्यावर लाखो कुटुंबांची चूल अवलंबून आहे. परंतु या व्यवस्थेत कुत्र्या-मांजरांना जागा आहे ती पाहुण्यासारखी. शासकीय दवाखान्यात त्यांच्यावरही नाममात्र सेवाशुल्कात उपचार होतात. पण तेथील औषधसाठा, उपकरणे आणि कामाचे वेळापत्रक मुख्यतः गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांना समोर ठेवून आखलेले असते. म्हणून पाळीव प्राण्याचा मालक खाजगी दवाखान्याकडे वळतो आणि तेथे त्याला प्रथमच उपचाराची पूर्ण किंमत दिसते.

२. दर वाढणे आणि खर्च वाढणे यांतील भेद

'उपचार महागले' या वाक्यात दोन वेगळे अर्थ मिसळलेले असतात. तीच सेवा पूर्वीपेक्षा अधिक दराने मिळणे ही दरवाढ होय. पूर्वी अस्तित्वातच नसलेल्या सेवा आता घेतल्या जाणे ही खर्चवाढ होय. तीस वर्षांपूर्वी कुत्रे लंगडू लागले तर वेदनाशामक इंजेक्शन देऊन वाट पाहिली जाई. आज क्ष-किरण तपासणी, रक्ततपासणी, गरज पडल्यास वायुरूप भूल देऊन अस्थिशस्त्रक्रिया आणि त्यानंतरची शुश्रूषा असा क्रम असतो. मूत्रपिंडाच्या विकारावर डायलिसिसही उपलब्ध आहे. दोन्ही प्रसंगांतील एकूण रकमांची तुलना केल्यास वाढ प्रचंड दिसते. परंतु ती एकाच वस्तूच्या दोन किमतींची तुलना नव्हे. पूर्वी स्वस्त होता तो उपचार नव्हे, तर उपचाराचा अभाव.

तरीही सर्व वाढ या एका कारणाने स्पष्ट होत नाही. साधी तपासणी आणि वार्षिक लस यांचेही दर वाढले आहेत. म्हणून पुढील घटकांचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

३. उपचारखर्च वाढण्याची प्रमुख कारणे

अ) प्रशिक्षित मनुष्यबळ : भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार मुख्यतः नोंदणीकृत पदवीधरास आहे. ही पदवी आता आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत वा वैद्यकात प्रावीण्य मिळवायचे तर पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्रात २००० साली नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्या अधिपत्याखाली आली. राज्याचा विस्तार पाहता ही संख्या मर्यादितच म्हटली पाहिजे. शिवाय पदवीधरांपैकी अनेकजण शासकीय सेवा, दूध संघ, कुक्कुटपालन वा औषध उद्योगाकडे जातात.

येथे बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलेला विचार उपयोगी पडतो. यंत्रांमुळे ज्या क्षेत्रांची उत्पादकता वाढते तेथील वेतनवाढ वाढत्या उत्पादनातून भरून निघते. पण ज्या कामात माणसाचा वेळ हाच मुख्य घटक असतो तेथे वेतन वाढले की सेवेचा दरही वाढतो. दूध शीतकरण केंद्रात एक कामगार पूर्वीच्या कितीतरी पट दूध हाताळू शकतो. घाबरलेल्या मांजरास धरून तपासण्यासाठी मात्र आजही पूर्वीइतकाच वेळ आणि दोन माणसे लागतात.

आ) स्थिर खर्च आणि अल्प रुग्णसंख्या : क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी, रक्ततपासणीचे यंत्र आणि भूल देण्याचे उपकरण यांची किंमत रुग्ण माणूस आहे की प्राणी हे पाहून ठरत नाही. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या सुरक्षा निकषांचीही पूर्तता करावी लागते. फरक पडतो तो वापरात. केवळ उदाहरणादाखल असे समजू की एका यंत्राचे व्याज, घसारा व देखभाल मिळून दिवसाला १,००० रुपये खर्च येतो. दिवसाला २० तपासण्या झाल्या तर प्रत्येकीवर ५० रुपयांचा भार पडतो. दोनच झाल्या तर ५०० रुपयांचा. मानवी रुग्णालयात पहिली स्थिती असते, लहान गावातील प्राण्यांच्या दवाखान्यात दुसरी.

गारगोटीसारख्या गावाचा प्रश्न येथेच स्पष्ट होतो. रुग्णसंख्या कमी असल्याने यंत्रसामग्री येत नाही आणि ती नसल्याने रुग्णास सुमारे ५० किलोमीटरवरील कोल्हापुरास न्यावे लागते. आजारी प्राणी एस. टी. बसमधून नेणे बहुधा अशक्य असते. म्हणून खाजगी गाडीचे भाडे आणि बुडालेला दिवस हे उपचाराच्या बिलात न दिसणारे, पण उपचारखर्चाचाच भाग असलेले घटक ठरतात.

इ) औषधे, लसी आणि कर : माणसांच्या अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरविल्या जातात. त्यासाठी आधारभूत मानलेली अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी मानवी आरोग्याचा विचार करून तयार केलेली आहे. श्वानांसाठीची बहुतांश खास औषधे या संरक्षणाबाहेर राहतात. गोचीड-पिसवांवरील फ्लुरालेनरसारखी अलीकडच्या काळातील औषधे पूर्वीच्या पावडरीपेक्षा परिणामकारक आहेत. परंतु ती संशोधक कंपन्यांची असल्याने महाग आहेत आणि प्राण्याचे वजन वाढले की मात्रा व किंमतही वाढते. काही लसी व उपकरणे आयात होतात. २००७ साली एका डॉलरसाठी सुमारे ४० रुपये मोजावे लागत होते, तर २०२२ साली तो दर ८० रुपयांपलीकडे गेला. आयात वस्तूची मूळ किंमत स्थिर राहिली तरी रुपयातील किंमत दुप्पट होण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

कराच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातून पशुवैद्यकीय दवाखान्याची उपचारसेवा मुक्त ठेवण्यात आली. मात्र किरकोळ विक्रीसाठी बांधणी केलेल्या श्वान व मांजर खाद्यावर १८ टक्के कर बसला. औषधांवरील १२ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के करण्यात आला. तथापि ज्या दवाखान्याची सेवा करमुक्त आहे, त्यास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भार अखेर दरातच मिसळतो.

एक उलट उदाहरण या संदर्भात बोलके आहे. प्राण्यांसाठीची रेबीज प्रतिबंधक लस देशातच तयार होते आणि इतर लसींच्या तुलनेत ती स्वस्त आहे. तिच्या उत्पादकांमध्ये हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था अग्रगण्य असून ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ साली स्थापन केली. गाई-म्हशींसाठी सार्वजनिक प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा लाभ येथे कुत्र्यालाही मिळाला. जेथे पायाभूत खर्च समाजाने वाटून घेतला, तेथे किंमत आवाक्यात राहिली.

ई) प्राण्यांच्या जातींची निवड : दख्खनच्या पठारावरील कारवान आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ ही शिकारी श्वानांची कुळे येथील हवामानात घडली. धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा कुत्राही काटक असतो. आज मात्र लॅब्रॅडॉर, पग, सैबेरियन हस्की अशा जातींना मागणी आहे. आखूड नाकपुडीच्या पगला श्वसनाचा त्रास संभवतो. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याची विकृती आढळते. दाट केसांच्या हस्कीला आपला उन्हाळा सोसत नाही. याचा अर्थ गावठी कुत्रे आजारी पडत नाही असा नव्हे. गोचिडांमुळे होणारे रक्ताचे रोग आणि पार्व्होसारखा संसर्ग त्यालाही होतोच. परंतु जातीबरोबर येणारे आजन्म विकार मालक विकत घेत असतो आणि पिल्लाच्या किमतीत तो खर्च कोठेच लिहिलेला नसतो.

उ) मागणीचे बदललेले स्वरूप : शेतकरी म्हशीच्या उपचाराचा निर्णय घेताना तिची बाजारातील किंमत आणि पुढील वेतातील दूध यांचा हिशेब मनात मांडतो. खर्चाला तेथे नैसर्गिक मर्यादा असते. घरच्या कुत्र्याला अशी बाजारकिंमत नसते. त्याचे मोल भावनिक असते. त्यामुळे दर वाढले तरी मागणी त्या प्रमाणात घटत नाही. त्यातच, केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेबद्दल दाखवून दिल्याप्रमाणे, उपचार घेणाऱ्यास उपचाराची गरज व गुणवत्ता तपासण्याचे ज्ञान नसते. येथे तर रुग्ण बोलूही शकत नाही. म्हणून कोणती तपासणी अपरिहार्य आणि कोणती ऐच्छिक हे सांगण्याची जबाबदारी पशुवैद्यकावर अधिक येते आणि ती पार पाडली गेली नाही तर संशय वाढतो.

४. इतरत्रचा अनुभव

ब्रिटनमध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०२४ साली पाळीव प्राण्यांच्या उपचारसेवेची औपचारिक चौकशी हाती घेतली. २०१३ साली तेथील सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते. चौकशी सुरू झाली तोवर हे प्रमाण जवळपास ६० टक्क्यांवर गेले होते. २०१६ ते २०२३ या काळात सरासरी दर ६३ टक्क्यांनी, म्हणजे सर्वसाधारण महागाईपेक्षा बरेच अधिक, वाढल्याचे प्राधिकरणाने नमूद केले. मालकांना दरांची व पर्यायांची पुरेशी माहिती मिळत नाही, ही त्या चौकशीतील एक मुख्य चिंता होती.

हे निदान जसेच्या तसे आपल्याकडे लावणे चुकीचे ठरेल. आपल्या जिल्ह्यात अडचण दवाखाने मोठ्या कंपन्यांनी ताब्यात घेण्याची नसून सुसज्ज दवाखान्यांच्या विरळतेची आहे. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. सुमारे २०० रुग्णप्राण्यांची सोय असलेल्या या पाच मजली रुग्णालयास सुमारे १६५ कोटी रुपये खर्च आला. आधुनिक उपचार सर्वांगांनी द्यायचे तर किती भांडवल लागते याची यावरून कल्पना येते. महानगरात ते दानातून उभे राहू शकते. तालुक्याच्या गावात तशी अपेक्षा करता येत नाही. ब्रिटनच्या अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की दरांची पारदर्शकता आधीच रुजविली पाहिजे.

विम्याच्या बाबतीतही हीच विषमता दिसते. पशुधन विम्याच्या हप्त्यातील लाभार्थीचा वाटा केंद्र शासनाने २०२४ साली १५ टक्क्यांवर आणला; उर्वरित भार केंद्र व राज्य शासन उचलते. श्वानांसाठीचा विमा देशात उपलब्ध आहे, परंतु त्याचा संपूर्ण हप्ता मालकालाच भरावा लागतो. आधीच होणारे आजार आणि वयाच्या अटी यांमुळे त्याची उपयुक्तताही सीमित राहते. परिणामी जोखीम वाटली न जाता मोठे बिल एकाच कुटुंबावर, एकाच दिवशी कोसळते.

५. हा केवळ हौसेचा प्रश्न आहे काय?

'परवडत नसेल तर पाळू नये' असे उत्तर यावर सहज दिले जाते. मालकाच्या जबाबदारीच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने प्राण्याचे स्वास्थ्य राखणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे आणि त्याला वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध ठरविला आहे. परंतु त्या अपराधास पहिल्या वेळी असलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे. एका बाजूस हजारो रुपयांचे उपचार आणि दुसऱ्या बाजूस पन्नास रुपयांचा दंड, या हिशेबातून काय निष्पन्न होते हे सांगावयास नको. आजारी वा म्हातारे झालेले कुत्रे दूर कोठे तरी, रस्त्याच्या कडेला किंवा घाटात सोडले जाते.

त्याची किंमत मात्र इतरांना मोजावी लागते. लस न दिलेली व निर्बीजीकरण न झालेली कुत्री वाढतात. श्वानदंशानंतर शासकीय रुग्णालयात माणसास मोफत लस द्यावी लागते, म्हणजे न झालेला खाजगी खर्च सार्वजनिक खर्च म्हणून परत येतो. शेतमजूर, ऊसतोड कामगार, शाळेत चालत जाणारी मुले यांना दंशाचा धोका सर्वाधिक असतो, मग त्यांनी स्वतः कुत्रे पाळलेले असो वा नसो. श्वानांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट देशाने २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात स्वीकारले आहे. लसीकरण मालकाच्या ऐपतीवर सोडून ते साध्य होणे अवघड आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, येथे व्यक्तीच्या निर्णयाचे परिणाम तिऱ्हाईतावर होतात; म्हणून सार्वजनिक हस्तक्षेप समर्थनीय ठरतो.

६. काही उपाययोजना

१) सर्व उपचारांना अनुदान देणे शक्य नाही आणि न्याय्यही नाही. रेबीज लसीकरण व निर्बीजीकरण यांचा लाभ मात्र साऱ्या समाजास होतो. त्यांचा खर्च ग्रामपंचायत, नगरपालिका व पशुसंवर्धन विभाग यांनी वाटून घ्यावा.

२) केंद्र शासनाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित पशुआरोग्य व रोगनियंत्रण कार्यक्रमात 'पशु औषधी' या नावाने जेनेरिक औषधांच्या विक्रीची तरतूद आहे. तिच्या यादीत श्वान-मांजरांच्या नेहमीच्या आजारांवरील औषधांचाही समावेश व्हावा.

३) खाजगी दवाखान्यांनी तपासणी, लस व नेहमीच्या शस्त्रक्रिया यांचे दरपत्रक दर्शनी भागात लावावे. मोठ्या उपचारापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज द्यावा. यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

४) सहकार हा या जिल्ह्याचा स्वभाव आहे. क्ष-किरण वा सोनोग्राफी यंत्र प्रत्येक दवाखान्याने स्वतंत्रपणे घेण्याऐवजी दोन-तीन तालुक्यांसाठी सामायिक निदान केंद्र उभारल्यास वरील उदाहरणातील ५०० रुपयांचा भार ५० रुपयांकडे सरकू लागेल.

५) २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी पशुसंवर्धन विभागाच्या साहाय्याने लसीकरण शिबिरे भरवावीत. पिल्लू घरी आणण्यापूर्वी त्याच्या आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज कसा करावा, हेही तेथे सांगता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पाळीव प्राण्यांच्या उपचारांची महागाई एका कारणाने वा एका वर्गाच्या लोभाने आलेली नाही. वैद्यकाची क्षमता वाढली, मनुष्यबळ व यंत्रे महागली, औषधे किंमत नियंत्रणाबाहेर राहिली, जातींची निवड बदलली आणि भावनिक नात्याने खर्चाची मर्यादा पुसली. या सर्वांच्या मुळाशी एक बदल आहे. गोठ्यातील जनावराच्या पाठीशी शासन आणि दूध संघ उभे होते. घरातील प्राण्याच्या पाठीशी फक्त त्याचे कुटुंब आहे. या खर्चापैकी जो भाग निव्वळ हौसेचा आहे तो कुटुंबानेच सोसावा. जो भाग गल्लीतील प्रत्येक मुलाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, तो मात्र गुरांच्या लसीप्रमाणेच सर्वांनी मिळून उचलला पाहिजे. 'गुरांचा दवाखाना' हे नाव आपण बदलू किंवा न बदलू. त्याच्या दारातून आत येणाऱ्या कुत्र्याकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणे आता आवश्यक झाले आहे.